नाळ सांभाळणाऱ्या घरतताई

शनिवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, दुपारी चार. जागा: आमच्या पनवेलच्या ऑफिसची पुढची खोली, वडाळे तळ्याकडची. हजर: यमुना घरत, म्हणजे घरतताई, ज्यांचा निरोपसमारंभ होता त्या, कंपनीचे मालक सबनीस साहेब, प्रोग्रामर मकरंद, जासईच्या कंटेनर यार्डात गेटवर बसणारे अन्वरभाई, आणि कामांच्या याद्या ठेवणारी मी. गैरहजर: कोणी नाही.

साहेब भाषणाला उभे राहिले आणि पंखा बंद पडला.

"काहीतरी झालं वाटतं," मकरंद म्हणाला.

घरतताईंनी हातातला समोसा खाली न ठेवता विचारलं, "काहीतरी? ‘काहीतरी’ कुठल्या ओळीवर हाय, मकरंद?"

सगळे हसले. स्वतःच्या निरोपाच्या दिवशीही त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. आमच्या ऑफिसात ‘काहीतरी’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. प्रोग्राम बंद पडला, ठीक आहे. पण कुठे बंद पडला, काय करताना, कोणाच्या सांगण्यावरून, हे कळलं नाही तर त्यांना जेवण जात नसे. घरीही तसंच असावं. यजमानांच्या पोटात दुखायला लागलं की त्या म्हणत, "बेंबीच्या वर का खाली, ते आधी सांगा. मंग ओवा देते."

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे ताई कळतील. न्हावा शेवा बंदराच्या आसपास कंटेनर ठेवायची यार्डं आहेत. ट्रेलर गेटवर येतो, वजनकाट्यावर चढतो, त्याचं वजन आणि कंटेनरचा नंबर कॉम्प्युटरवर नोंदवला जातो आणि मग तो आत जातो. ही नोंद करणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. प्रत्येक यार्डातला कॉम्प्युटर वेगळा, कुठे जुना, कुठे त्याहून जुना. त्यामुळे तयार प्रोग्राम पाठवून भागत नाही. आपण लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स, तिथे न्यायचा आणि त्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशीनला चालवता येईल असा करून घ्यायचा. एकच सोर्स, पण प्रत्येक यार्डातली प्रत तिथेच जन्मलेली.

कंपाइल व्हायला वेळ लागे. स्क्रीनवर ओळी सरकत राहत. आम्ही चुळबुळ करू लागलो की ताई डबा उघडत. "बसा. मीठ पिकतंय." त्यांच्या माहेरची मिठागरं होती, जासईच्या पुढे. ती जागा पुढे बंदराच्या कामात गेली, पण भाषा राहिली. "मिठागरात पानी सोडलं की कुनी चमच्यानं ढवळत नाय. ऊन त्याचं काम करतं. तुमी जेवा." डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. सबनीस साहेब शाकाहारी. वास आला की ते खिडकी उघडत आणि ताई म्हणत, "साहेब, तळ्यातल्या माशांना कशाला चिडवता?"

आता त्यांच्या नाळेबद्दल. प्रोग्राम लिहिताना माणूस प्रत्येक तुकड्याला नाव देतो: वजन वाच, नोंद कर, पावती छाप. कंपाइल झाल्यावर मशीनला ही नावं लागत नाहीत, त्याला नुसते आकडे पुरतात. तेव्हा आमच्याकडे रीत अशी होती की शेवटी ती नावं आणि ओळींचे क्रमांक पुसून टाकायचे. फाइल हलकी होते आणि कोणाला आत डोकावता येत नाही. पण मग प्रोग्राम बंद पडला की मागे उरतात फक्त आकडे आणि प्रश्नचिन्हं. कोण मेलं, कुठे मेलं, पत्ता नाही.

ताई नावं पुसण्याआधी ती वेगळ्या फाइलमध्ये काढून घेत. कंपाइल होताना प्रत्येक प्रतीला तिची अशी एक ओळख-खूण मिळते. त्या खुणेच्या नावाने ती फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर जपून ठेवत. याला त्या नाळ पुरणं म्हणत. एखाद्या यार्डात काही बिघडलं की पहिला प्रश्न: "हिची नाळ कुठं हाय?" नाळ सापडली की आकड्यांच्या जागी नावं येत, नावांपुढे ओळी येत, आणि चहा संपायच्या आत दोष हाती लागे.

मकरंदला हे अंधश्रद्धेइतकं जुनाट वाटायचं. तो म्हणे, "ताई, सोर्स आहे ना आपल्याकडे? लागेल तेव्हा पुन्हा कंपाइल करू, नावं मिळतील."

"मिळतील रे. पण दुसऱ्या बाळंतपणाची नाळ पयल्या पोराला चालत नाय."

हे वाक्य मी तेव्हा नुसतंच ऐकलं. त्याचा अर्थ मला जासईच्या प्रकरणात कळला.

जासईचं यार्ड बसवलं तेव्हा ताई रजेवर होत्या, खऱ्याखुऱ्या बाळंतपणासाठी, त्यांच्या लेकीच्या. ते काम मकरंदने केलं, नावं पुसली, नाळ ठेवली नाही. काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग प्रोग्राम अधूनमधून आपोआप बंद पडू लागला. पुन्हा चालू केला की चाले, पण काट्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरची नोंद गेलेली असे. मागे रांग, पुढे ड्रायव्हरचा हॉर्न. काही ट्रेलर नोंदीशिवाय आत गेले.

कंटेनरच्या धंद्यात नोंदीशिवाय आत जाणं म्हणजे चोरीच्या शेजारची गोष्ट. यार्डाचे मॅनेजर सावंत यांनी संशय घेतला तो गेटवरच्या माणसावर, म्हणजे अन्वरभाईंवर. ते हाताने प्रोग्राम बंद करतात आणि ओळखीच्या गाड्या सोडतात, असं सावंतांचं म्हणणं. त्यांनी आमच्या साहेबांना फोन करून सांगितलं, "शनिवारपर्यंत तुमच्या प्रोग्रामचा दोष दाखवा. नाहीतर सोमवारपासून खिडकीत दुसरा माणूस बसेल." अन्वरभाई पनवेलचेच. आयुष्य ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांत गेलेलं, गुडघे गेल्यामुळे बसून करायची ही नोकरी मिळालेली. या वयात चोरीचा डाग घेऊन गेटवरून उठले असते तर दुसऱ्या कोणत्याही गेटवर त्यांना कोणी बसवलं नसतं.

मकरंदने लगेच काम सुरू केलं, ते प्रामाणिकपणेच. जासईहून बिघाडाचे आकडे मागवले. तोच सोर्स ऑफिसच्या मशीनवर नावांसकट कंपाइल केला आणि ती नावं त्या आकड्यांवर बसवली. उत्तर आलं, आणि कसं, स्वच्छ, ओळीच्या क्रमांकासह: ‘नोंद रद्द कर’.

"घ्या," साहेब म्हणाले. "रद्दचं बटण दाबतोय तो. आपला प्रोग्राम निर्दोष. वर्षा, सावंतांना मेल करून टाका, दोष आमचा नाही म्हणून."

मी मेल लिहायला घेतला. माझ्या यादीत ‘जासई’पुढे बरोबरची खूण करायला मीही उत्सुक होते. तेवढ्यात ताई बँकेतून आल्या आणि मकरंदच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या ओळी खालपर्यंत वाचल्या. मग म्हणाल्या, "वर्षाबाय, थांब जरा. मकरंद, हे वाच मोठ्यानं. कुनी कुनाला बोलावलं?"

मकरंद वाचू लागला. "नोंद रद्द कर. त्याला बोलावलं ‘पावती छाप’ने. त्याला बोलावलं ‘पासवर्ड तपास’ने. त्याला..." तो थांबला.

"पासवर्ड तपासताना पावती कोन छापतं? आनि पावती छापताना नोंद कोन रद्द करतं? सासूच्या पोटी सून आनि सुनेच्या पोटी आजोबा! ही वंशावळ हाय का खेळ?" त्यांनी दोन्ही प्रतींच्या खुणा शेजारी शेजारी उघडल्या. जुळत नव्हत्या. "हे बग. ऑफिसच्या मशीनवर जन्मलेलं पोर वेगलं, जासईचं वेगलं. आकडे तिकडचे, नावं इकडची. घर नंबर बरोबर, पन गावच दुसरं."

साहेब कुरकुरले. "पण ताई, काहीतरी उत्तर तर मिळालं ना? नुसत्या प्रश्नचिन्हांपेक्षा बरं."

"नाय साहेब. प्रश्नचिन्ह परवडतं, ते निदान मला ठाऊक नाय असं सांगतं. चुकीचं नाव माणसाला खातं."

मी मेल पुसून टाकला आणि दुसऱ्या दिवसाची गाडी सांगितली.

गव्हाण फाट्यापुढे ट्रेलरच्या रांगेत तासभर गेला. जासईला पोचलो तेव्हा अन्वरभाई खिडकीत ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखे. त्यांनी आधी चहा मागवला. ताईंनी मशीन ताब्यात घेतलं आणि मला माझ्या यादीसाठी कामं मोजून सांगितली. एक: इथेच, याच मशीनवर पुन्हा कंपाइल करायचं, आणि या वेळी नावं पुसायची नाहीत. दोन: कंपाइल करताना मशीन वेगासाठी ओळींची मांडामांड करतं, ती करू द्यायची नाही, नाहीतर दाखवलेली ओळ एक आणि चुकलेली दुसरीच. तीन: प्रोग्राम मेला की त्याच्या स्मृतीची जशीच्या तशी प्रत मशीनने ठेवायला हवी. त्या मशीनवर ती सोय बंदच होती.

"म्हणजे कसं," त्यांनी अन्वरभाईंना सांगितलं, "पंचनामा होईपर्यंत प्रेत हलवायचं नाय. आतापर्यंत इथं मेल्याबरोबर झाडूनच टाकत व्हते."

"तौबा," अन्वरभाई म्हणाले. "ताई, सकाळी सकाळी प्रेतं नका काढू."

मीठ पिकलं. प्रोग्राम चालू झाला. आणि मग आम्ही त्याच्या मरणाची वाट बघत बसलो.

तो मरेना. ट्रेलर येत होते, चढत होते, नोंद होऊन आत जात होते. अन्वरभाई घामाघूम. शेवटी न राहवून म्हणाले, "काय नशीब आहे बघा. एरवी हा रोज जीव टाकतो, आज मेहमान आले तर काय अदबीनं वागतोय!"

दुपारी सावंत येऊन उभे राहिले. "काय ताई, चालतोय की छान. तुम्ही समोर बसलात की बरोबर चालतो. याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?" बोलताना त्यांनी अन्वरभाईंकडे बघितलं नाही, पण ऐकवायचं त्यांनाच होतं.

"डॉक्टरापुढं ताप उतरला म्हणून ताप नव्हताच, असं असतं का साहेब?" ताई हसत म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघून, "अन्वरभाई, तुमी जेवून या. वर्षाबाय, तूपन जा. साहेब, तुमी बसा या खुर्चीत."

"मी?"

"तुमच्यावर तर कुनाचा संशय नाय ना?"

सावंत बसले. नाही म्हणायला जागाच नव्हती. अन्वरभाई दारापर्यंत गेले आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. जेवायला कोणीच गेलं नाही. दोन-तीन गाड्या सुरळीत गेल्या. सावंत नंबर बऱ्यापैकी टाइप करत होते आणि आपलं कौशल्य ताईंना दिसावं असं त्यांना वाटत असावं. मग एक लांब ट्रेलर आला. ड्रायव्हर घाईत होता, मागची चाकं काट्याच्या बाहेरच राहिली. सावंत काचेतून ओरडले, "पुढे घे रे!" आणि पडद्यावरून प्रोग्राम नाहीसा झाला.

खोलीत फक्त बाहेरच्या इंजिनाचा आवाज.

"काय दाबलंत साहेब?" ताईंनी विचारलं.

"मी काही दाबलं नाही! माझे हात तर इथे होते!"

"तेच," दारातून अन्वरभाई म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "तेच मी सांगत होतो, साहेब."

ताईंनी पंचनामा उघडला. या वेळी आकड्यांच्या जागी नावं होती आणि वंशावळ सरळ होती: गेट चालू, त्याने बोलावलं ‘नोंद कर’, त्याने बोलावलं ‘वजन वाच’, आणि तिथे, एका ओळीवर, मृत्यू. चाकं अर्धवट चढली की काट्याचं यंत्र आकड्याऐवजी एक लांब इशारा पाठवत होतं. प्रोग्राममध्ये जागा होती ती फक्त वजनाच्या आकड्यापुरती. इशारा त्या जागेत मावला नाही, शेजारच्या जागेवर सांडला आणि सगळं कोसळलं. तो इशारा अक्षर न् अक्षर पडद्यावर दिसत होता.

"वाटीत तांब्या ओतला, साहेब," ताईंनी सावंतांना दाखवलं. "वाटी आमची. चूक आमच्या कंपनीची. लिवून देते."

सावंतांनी तो इशारा पडद्यावर पुन्हा एकदा वाचला. मग खुर्चीतून उठले, अन्वरभाईंकडे वळून म्हणाले, "बसा अन्वरभाई. ती गाडी खोळंबलीय." एवढंच बोलले. पण खुर्ची त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून पुढे केली, हे मी पाहिलं.

ताईंनी वाटी मोठी केली आणि चाकं पूर्ण चढेपर्यंत नोंदच होणार नाही अशी सोय केली. निघताना या प्रतीची नाळ घेतली. अन्वरभाई गाडीपर्यंत सोडायला आले, गुडघे दुखत असतानाही. "ताई, तुम्ही माझी इज्जत राखलीत."

"मी नाय भाई. तुमी काय दाबलं नव्हतं, म्हनून राखली गेली."

ऑफिसात परतल्यावर त्या मकरंदला रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "प्रोग्राम मरतो, त्यात लाज नाय. सगलेच मरतात. कुठं मेला ते न सांगता मरतो, ती आपली लाज." मग त्याच्या डब्यातली बटाट्याची काचरी उचलली आणि विषय संपवला. मकरंदने पुढच्या आठवड्यात स्वतःच्या हाताने नाळ ठेवायची पद्धत सगळ्या कामांत लावून घेतली, कोणी न सांगता घडेल अशी. कंपाइल झालं की नावांची फाइल आपोआप सर्व्हरवर जाते. तो हे नव्या गिऱ्हाइकांना समजावतो तेव्हा ‘नाळ’ म्हणत नाही, भारदस्त इंग्रजी नाव वापरतो. ताईंना त्याचं हसू यायचं. "बारशाला नाव काय पन ठेवा, पोर आमचंच."

जुन्या यार्डांचं मात्र काय? तिथे इतरांनी बसवलेल्या, नावं पुसलेल्या आणि नाळ न ठेवलेल्या प्रती चालूच होत्या. ताईंनी निवृत्त होण्याआधी एकेका ठिकाणी जायचं ठरवलं आणि वेळापत्रक माझ्याकडे आलं. उरण झालं. न्हावा शेव्याची दोन्ही ठिकाणं झाली. त्या जात, कंपाइल करत, भाकरी खात, नाळ घेऊन परतत. त्या महिन्यांत मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं आधी कधी नव्हतं. गावोगावच्या गेटवरची माणसं त्यांच्या ओळखीची झाली. कोणाला काट्याचा आवाज खटकायचा, कोणाला पडद्यावरचं अक्षर लहान वाटायचं. ताई सगळं ऐकत आणि प्रत्येकाला विचारत, "नक्की कुठं? दाखवा."

निरोपाला भाषणं लांबली नाहीत. अन्वरभाई बिर्याणीचा टोप घेऊन आले होते आणि साहेबांसाठी वेगळी भाज्यांची, झाकणावर धाग्याची खूण बांधून. पंखा का बंद पडला तेही ताईंनी शोधलं. पिन सैल होती. आता त्या जासईच्या घरी असतात. अंगणात मिरच्या लावल्या आहेत, लेकीचा मुलगा शाळेत जायला लागला आहे. रविवारी मी फोन करते. पहिली पाच मिनिटं मिरच्यांची असतात, मग त्या विचारतात, "कोन गावचं गोदाम झालं का?"

कोनचं काम झालेलं नाही. एक्स्प्रेसवेलगतचं ते गोदाम हे यादीतलं शेवटचं नाव. मालक म्हणतात, चालतंय तर हात कशाला लावता. तासभर गेट बंद ठेवायला ते तयार नाहीत. कधी म्हणतात दिवाळीनंतर बघू, कधी म्हणतात मार्च जाऊ द्या. मी दर सोमवारी फोन करते, मकरंदने सामान तयार ठेवलं आहे, साहेबांनी गाडीला होकार दिला आहे. ताई म्हणतात, रविवारी गेट रिकामं असतं, मालकाला न विचारता चौकीदाराशी बोल. तेही करून बघेन.

तिथे खिडकीत एक बाई बसतात, एवढंच मला कळलं आहे. त्यांचं नाव अजून विचारायचं आहे.